दुसऱ्या मशीनची रवी

मसोलीत रस्त्याला लागूनच रुपलची लाँड्री होती. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे पत्र्याखाली धुण्याची जागा, त्याच्या मागे वाळत घालायच्या दोऱ्या. डहाणू रोड स्टेशनजवळच्या लॉजच्या चादरी, टॉवेल, अभ्रे तिच्याकडे यायचे. थंडी पडली की हायवेवरच्या धाब्यांची ब्लँकेटंही यायची, त्यांना डिझेलचा आणि तंबाखूचा वास असायचा.

तिच्याकडे कपडे धुण्याच्या दोन मशिनी होत्या. सायीच्या रंगाच्या, लोखंडी अंगाच्या, वरून झाकण उघडायच्या. गुजरातेत जहाजं तोडतात तिथलं सामान हायवेने खाली येताना थोडंफार गुजरातच्या हद्दीलगत अच्छाडला उतरतं. तिथे नाक्याच्या पुढे मनिषभाईंची शेड आहे. जहाजावरची कपाटं, पंखे, मोठमोठी पातेली आणि असल्या मशिनी तिथे रांगेत उभ्या असतात. २०१४ साली रुपलचा नवरा हितेश तिथूनच या दोन मशिनी टेम्पोत घालून घेऊन आला. हितेश बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. परदेशी मशिनींना आपली लाइट चालत नाही म्हणून त्याने मध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसवला, तो दिवसभर घूं घूं करत राहायचा. झाकण उघडल्यावर मशीन थांबवणारं बटण दोन्हींतही नीट चालत नव्हतं. हितेशने ते काढून तारा सरळ जोडून टाकल्या. मशिनी सुरू झाल्या तेव्हा रुपलच्या सासूने, सोनूबाईने, त्यांना हळदकुंकू लावलं होतं.

मशीनच्या पोटात मधोमध एक खांब असतो. तो अर्धा इकडे, अर्धा तिकडे फिरतो आणि कपडे घुसळतो. हितेश त्याला अ‍ॅजिटेटर म्हणायचा, लाँड्रीतल्या बायका रवी म्हणायच्या. बाहेरून मशिनी सारख्या असल्या तरी रव्या सारख्या नव्हत्या. पहिल्या मशीनच्या रवीला वरपासून खालपर्यंत चार सरळ उभी पाती होती. दुसरीच्या रवीला खालच्या अर्ध्या भागात पाती होती आणि वरच्या अर्ध्यात स्क्रूसारखे तिरके आटे होते. रुपलला वाटायचं, ती आपली नक्षी असेल. दोन्ही घुसळतात ना, बस.

दुसऱ्या मशीनची एकच खोड होती. खालचे कपडे स्वच्छ निघायचे, वरचे नुसते तरंगत राहायचे. चादर टाकली तर निम्मी धुतलेली, निम्मी मळलेली. मग रुपलने स्वतःच युक्ती काढली. झाकण उघडं ठेवायचं, मशीन चालू असतानाच वरचे कपडे हाताने खाली दाबत राहायचं. चार वर्षं ती तसंच करत आली. जिजा कामाला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी रुपलने तिचा हात धरून मशीनमध्ये घातला होता.

"घाबरू नको गं. बघ, काही होत नाही. असं दाबायचं. दाबत राहायचं."

जिजा तलासरीकडच्या एका पाड्यावरची. नवऱ्याने सोडल्यावर ती आईकडे आली होती, आणि कामासाठी मसोलीत मावशीच्या घरी राहायची. कमी बोलायची, पण बोलली की सरळ बोलायची. रुपलला 'बेन' म्हणायची आणि अगंतुगं करायची, त्यात उद्धटपणा नव्हता. तिच्या घरी देवालाही तसंच बोलायचे. दोघी दुपारी एकत्र जेवायच्या. रुपलच्या डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण जिजाला आवडायचं, तिची नाचणीची भाकर रुपलला.

२०१८ची दिवाळी झाली. धाब्यांची ब्लँकेटं यायला लागली आणि रुपल दुसऱ्या मशीनला वैतागली.

"दाबून दाबून आमचे हात गेले," ती हितेशला म्हणाली. "बघा ना जरा तिच्याकडे. नाहीतर द्या भंगारात."

"बघतो," हितेश म्हणाला. त्याने बघितलंही असावं, कारण एका सोमवारी लाँड्री बंद होती आणि तो मागे खुडबुड करत होता. तो काही बोलला नाही. रुपलनेही विचारलं नाही.

त्या आठवड्याभरात तलासरीच्या बाजूला जमीन हलायला लागली होती. रोज कुठे ना कुठे धक्का बसायचा. भांडी वाजायची, भिंतींना तडे जायचे. मसोलीत तेवढं जाणवत नव्हतं, पण पाड्यावरून फोन आला की जिजा अस्वस्थ व्हायची. त्यामुळे त्या सोमवारनंतर लगेचच, मंगळवारी सकाळी, ती जरा गप्प होती, एवढंच नंतर रुपलला आठवलं. जिजाने दुसऱ्या मशीनमध्ये चादरी टाकल्या, साबण घातला, झाकण उघडं ठेवलं. रुपल पुढे इस्त्री करत होती.

जिजा ओरडली तो आवाज माणसाचा वाटला नाही. रुपल धावत मागे गेली. जिजा मशीनवर पालथी पडली होती, उजवा हात कोपरापर्यंत आत, आणि ओल्या चादरीचा पीळ तिच्या मनगटाला गुंडाळून तिला आणखी खाली नेत होता. रुपलने भिंतीवरचं बटण बंद केलं. मशीन थांबल्यावरही पीळ सुटेना. शेवटी कात्रीने चादर कापावी लागली. मनगट भलतीकडेच वळलं होतं.

दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या जिजाचे दात वाजत होते. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"बेन, तिने ओढलं."

"मशीन कुठे ओढते गं?" रुपल म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "चार वर्षं मी हात घालते. मला कधी ओढलं नाही ते? तुझंच लक्ष नसेल. पाड्याच्या विचारात असशील."

"लक्ष होतं. मी दाबलं नाय, तिनेच घेतलं."

रुपलने मान फिरवली.

थोड्या वेळाने हितेश आला. त्याच्या मागोमाग लॉजचा मॅनेजर विनोद आला. त्याच्या चादरी लाँड्रीत अडकून पडल्या होत्या. जिजाला आत प्लास्टर घालत होते. विनोदने विचारलं, "असं कसं झालं रे एकदम?"

हितेशने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "काय सांगायचं. सकाळी सकाळी ताडी घेऊन आली असेल."

रुपल तिथेच उभी होती. जिजाच्या तोंडाला कसलाही वास नव्हता, हे तिला माहीत होतं. कापलेली चादर तिच्या पिशवीत होती, तिचं पाणी पायावर टपकत होतं. ती काही बोलली नाही. हितेश 'असेल' म्हणाला होता. संध्याकाळपर्यंत स्टेशनच्या रस्त्याला ते 'आली होती' असं झालं.

प्लास्टर असेपर्यंत जिजा मावशीकडेच राहिली. दवाखान्याचा खर्च रुपलने केला, डबाही पाठवला. नंतर प्लास्टर निघालं, पण मनगट सरळ बसलं नव्हतं. हात वळत नव्हता, मूठ पूर्ण मिटत नव्हती. ओले कपडे पिळण्याचं काम आता तिला जमणार नव्हतं. तिने लॉजमध्ये झाडूपोछ्याचं काम विचारलं, एका बंगल्यात विचारलं, मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या करायला बाई हवी होती तिथे विचारलं. सगळीकडे एकच प्रश्न आला.

"तू ती मशीनवाली ना?"

एका दुपारी ती लाँड्रीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"बेन, मी ताडी पिऊन आली होती, असं कोण बोललं?"

रुपल इस्त्रीखालच्या शर्टाकडे बघत राहिली. "लोक काय, काहीही बोलतात."

"लोकांना कोणी सांगितलं?"

रुपलने शर्ट उलटा करून पुन्हा इस्त्री फिरवली. जिजा डाव्या हाताने पिशवी उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मावशीकडून कळलं, ती पाड्यावर गेली.

जिजाच्या जागी काळी नावाची बाई कामाला आली. वयाने मोठी, अनुभवी. रुपलने दुसरी मशीन इतके दिवस बंदच ठेवली होती, पण ब्लँकेटांचा ढीग साठला तेव्हा ती म्हणाली, "काळीताई, आज दोन्ही लावा."

थोड्या वेळाने काळी पदराला हात पुसत पुढे आली. "बाई, मी ती दुसरी नाय चालवणार. ती ओढते."

"झालं का तुमचं पण सुरू! जिजाचं ऐकून तुम्ही..."

"मी कोणाचं ऐकलं नाय. तू ये नि बघ."

रुपल रागातच मागे गेली. मशीन चालू होती. तिने एक पांढरा टॉवेल पाण्यावर टाकला आणि सवयीने हात पुढे केला. मग कसं कोण जाणे, तिने तो मागे घेतला. टॉवेलला कोणी हात लावला नव्हता. तो रवीजवळ गेला, त्याची कड आट्यांना लागली आणि तो गोल फिरत, हळूहळू, खाली जायला लागला. बघता बघता दिसेनासा झाला. थोड्या वेळाने बाजूने वर आला, पुन्हा आट्यांपाशी गेला, पुन्हा खाली गेला.

चार वर्षांत तिने त्या मशीनमध्ये असं काही बघितलं नव्हतं.

तिने बटण बंद केलं, पाणी सोडून दिलं, कपडे उपसले. मग रवीचा वरचा भाग हाताने फिरवून बघितला. एका बाजूला तो सहज फिरला, आतून किटकिट असा आवाज आला. दुसऱ्या बाजूला फिरवायला गेली तर जागच्या जागी घट्ट अडकला. तिने खालची पाती धरून हलवली. वरचा भाग आणि खालचा भाग वेगळे होते. पहिल्या मशीनपाशी जाऊन तिची रवी हलवून बघितली. ती एकसंध होती, वर हलवलं की खालपर्यंत सगळी हलत होती. दोन्हींत काय फरक आहे, हे रुपलला पूर्ण कळलं नाही. पण वरचे आटे नक्षी नव्हते, एवढं कळलं. ती उलट्या बादलीवर बसून राहिली.

"काय गं बाई?" काळीने विचारलं.

"काही नाही. आज एकच लावा."

संध्याकाळी हितेश हातपाय धुऊन जेवायला बसला तेव्हा तिने विचारलं.

"दुसऱ्या मशीनमध्ये तुम्ही काय केलं होतं?"

"काय म्हणजे? दात झिजले होते आतले. ते बदलले."

"कधी?"

"दिवाळीनंतर. तूच म्हणालीस ना, वरचे कपडे खाली जात नाहीत. आता जातात की नाही?"

"मला सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय? नीट झाली, झालं."

"अहो, आम्ही हात घालून दाबत होतो त्यात! तुम्हाला माहीत नव्हतं?"

हितेशने घास ताटात ठेवला. "कोणी सांगितलं हात घालायला? चालू मशीनमध्ये कोणी हात घालतं? आणि ओढण्याचं म्हणशील तर सगळ्याच रव्या थोड्याफार ओढतात. पहिली पण ओढते."

"पहिली नाही ओढत."

"तू काय मेकॅनिक आहेस?"

सोनूबाई दारात मासळी निवडत होती, तिने मान वर करून दोघांकडे बघितलं. रुपल भाकरी वाढायला उठली. हात घालायला तिनेच शिकवलं होतं.

पण 'सगळ्याच ओढतात' हे तिच्या मनात सलत राहिलं. ते खरं असेल तर जिजाचा हात तिच्या नशिबाने गेला. खोटं असेल तर कुणामुळे तरी गेला. दुसऱ्या दिवशी तिने लाँड्री काळीवर सोपवली, चारोटीला गाडी बदलली आणि अच्छाडला उतरली.

मनिषभाई शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. ट्रक जात होते, धूळ उडत होती. रुपलने ओळख सांगितल्यावर ते उठले.

"अरे, हितेशभाईंची घरवाळी! या या. चा घ्या."

"मनिषभाई, मला एक सांगा. सगळ्या मशिनींची रवी ओढते का?"

त्यांना आधी समजलं नाही. मग ते तिला मागे घेऊन गेले. तिथे एका कोपऱ्यात मशिनींचे सुटे भाग पडले होते आणि भिंतीला टेकून दहाबारा रव्या उभ्या होत्या, पांढऱ्या, निळ्या, काळ्या.

"बघा बेन," त्यांनी एक उचलली. "ही सीधी पट्टीवाली. एकच पीस. इकडे-तिकडे हलते, पाणी हलवते, कपडा आपोआप फिरतो. ही ओढणार नाही, ढकलणार." ती ठेवून त्यांनी दुसरी घेतली, तिच्या वरच्या अर्ध्याला आटे होते. "ही दोन पीसवाली. खालचा भाग दोन्ही बाजूला हलतो. वरचा भाग एकाच बाजूला फिरतो. आत कुत्रे असतात."

"कुत्रे?"

"सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये नसतात? छोटे छोटे प्लास्टिकचे दात. एका बाजूने धरतात, दुसऱ्या बाजूने सोडतात. त्यामुळे हा स्क्रू कपड्याला खाली, खाली, खाली घेतो. मोठ्या गोधड्या धुवायला हेच चांगलं. पण हे दात झिजले ना, तर वरचा भाग मरतो. नुसता उभा राहतो. मग बघणाऱ्याला वाटतं, ही पण सीधीसारखीच. ओळखायचं कसं? वरून धरून फिरवा. एका बाजूला किटकिट आणि दुसऱ्या बाजूला पकड असली की जिवंत. दोन्ही बाजूला ढिला असला की मेलेला."

रुपलने ती रवी हातात घेतली. फिरवली. तोच आवाज आला.

"आमची चार वर्षं मेलेली होती," ती म्हणाली.

"हा, हितेशभाई दात घेऊन गेले ना दिवाळीनंतर. मीच काढून दिले एका जुन्या पीसमधून." मनिषभाई सहज बोलत होते. "मी बोललो पण त्यांना, आता ही ओढणार हां. काम करणाऱ्या बायकांना सांगून ठेवा, पदर, ओढणी, हात लांब ठेवा. पूर्वी आमच्याकडे एका माणसाचा गमछा गेला होता."

रुपलला वाटलं, जमीन हलली. पण हलली नव्हती.

"तुम्ही त्यांना सांगितलं होतं?"

मनिषभाई तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. "सांगितलं होतं. का? काय झालं बेन?"

तिने काय झालं ते सांगितलं. निघताना तिने ती दोन पीसवाली रवी मागितली, तर त्यांनी ती गोणपाटात बांधून दिली आणि म्हणाले, "मी हितेशभाईंना फोन करू का?"

"नको," रुपल म्हणाली.

परतताना ती तलासरीला उतरली. तिथून जीपने, मग पायी. गोणपाटातली रवी कडेवर घेऊन ती पाड्यावर पोहोचली तेव्हा उन्हं कलली नव्हती. घरं होती, पण घरांत कोणी नव्हतं. भिंतींना तडे गेले होते. लोकांनी अंगणात बांबू रोवून वर ताडपत्री टाकली होती, तिथेच चूल, तिथेच झोपायचं. जिजाची आई पुतळी चुलीपाशी होती. जिजा डाव्या हाताने तांदूळ निवडत बसली होती. तिचा भाऊ लाहू खाटेवरून उठला.

"बाई, तू इथे कशाला आली?" त्याने विचारलं. "आमच्या जिजाला दारुडी बोलली तुम्ही लोक."

"लाहू, बोलू दे तिला," पुतळी म्हणाली. पण तिनेही बसायला सांगितलं नाही.

रुपलने गोणपाट सोडलं. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं, पण आता सगळं विसरायला झालं. तिने रवी जमिनीवर उभी केली, खालची पाती गुडघ्यांत धरली आणि वरचा भाग फिरवला. किटकिट आवाज आला. उलटा फिरवला, अडकला. मग खांद्यावरच्या पदराचं टोक आट्यांना लावलं आणि फिरवत राहिली. पदर खाली खाली गुंडाळत गेला, तिची मान त्याच्याबरोबर झुकली.

"आपल्या मशीनमध्ये हे मेलेलं होतं, जिजा," ती म्हणाली. "म्हणून मी तुला हात घालायला शिकवलं. दिवाळीनंतर ह्यांनी नवे दात बसवले. मला सांगितलं नाही. ती ओढायला लागली होती. तू खरं बोलत होतीस."

जिजा सूप बाजूला ठेवून बघत होती. रुपलला वाटलं, ती रडेल किंवा ओरडेल.

"हे तर मी त्याच दिवशी सांगितलं," जिजा म्हणाली.

"हो."

"दवाखान्यात सांगितलं. बाकावर."

"हो गं."

"तेव्हा मी सांगितलं तर तुला खोटं वाटलं. आता हिने सांगितलं," तिने रवीकडे बोट दाखवलं, "तर खरं वाटलं."

रुपलला मान वर करता येईना. तिचा पदर अजून आट्यांत अडकला होता.

"आणि ताडीचं कोण बोललं?" लाहूने विचारलं.

"माझा नवरा बोलला," रुपल म्हणाली. "मी तिथे होते. मी काही बोलले नाही."

त्याच वेळी जमिनीखालून घरघर आली, दूरवर मोठा ट्रक रिकामा व्हावा तशी. मग धक्का बसला. चुलीवरचं भांडं कलंडलं, बांबू करकरले, शेळ्या ओरडल्या. रुपल उठायला गेली आणि पदराने तिला खाली खेचलं, ती रवीसकट आडवी पडली. जिजाने डाव्या हाताने तिचा दंड पकडला, उजवा वाकडा हात तिच्या डोक्यावर आडवा धरला. सगळं थांबेपर्यंत तशीच धरून बसली. मग तिनेच अख्खी रवी उलटी फिरवून पदर सोडवला.

"भ्यालीस?" तिने विचारलं.

रुपलने मान हलवली. पुतळीने सांडलेलं पाणी बघितलं, पुन्हा भांडं भरलं आणि या वेळी रुपलसाठीही चहा ठेवला.

जाताना जिजा वाटेपर्यंत आली. "बेन, तू इथे सांगितलं. इथे सगळ्यांना माहीतच होतं. मी पीत नाय, ते माझ्या आईला सांगून काय उपयोग? तिथे सांग. विनोदभाऊला सांग. मी येईन, माझ्यासमोर सांग."

"सांगेन."

"तुझा नवरा असताना सांग."

रुपल घरी पोहोचली. हितेशला तिने एवढंच म्हटलं, "मी मनिषभाईंना भेटून आले." तो तिच्याकडे बघत राहिला, मग बाहेर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाला, "मला खरंच लक्षात राहिलं नाही. त्या दिवशी बोटीचं काम आलं, डोक्यातून गेलं."

"आणि दवाखान्यात? तेव्हा आठवलं नव्हतं?"

हितेशने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

"तेव्हा आठवलं होतं ना? म्हणून ताडी आठवली."

"पोलिसात गेले असते तर? लाँड्री बंद झाली असती. तुझीच लाँड्री."

"माझ्यासाठी केलंत, असं म्हणू नका," रुपल म्हणाली. "मेहेरबानी करा."

त्यानंतर घरात दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. सोनूबाईने एकदा मध्ये पडायचा प्रयत्न केला. "माणूस आहे, चुकतो," ती म्हणाली. रुपल म्हणाली, "आई, चुकला ते मी पण चुकले. नंतरचं बोलतेय मी."

रुपलने मावशीकडून निरोप धाडून दिवस ठरवला. त्या दिवशी जिजा लाहूला घेऊन आली. रुपलने विनोदला चादरींच्या हिशेबाचं कारण सांगून बोलावलं होतं. काळी होती. हितेश येणार नाही असं रुपलला वाटलं होतं, पण तो आला आणि मागे मशिनींपाशी उभा राहिला.

रुपलने दुसरी मशीन सुरू केली, टॉवेल टाकला. सगळे वाकून बघायला लागले. टॉवेल आट्यांना लागला, फिरला, खाली गेला.

"ही दिवाळीपर्यंत असं करत नव्हती," रुपल म्हणाली. "जिजाला हात घालून दाबायला मी शिकवलं. मशीन दुरुस्त झाली ते तिला कोणी सांगितलं नाही. ती ताडी पिऊन आली नव्हती. ती कधीच पिऊन आली नाही."

विनोदने हितेशकडे बघितलं. "पण तूच म्हणाला होतास ना?"

ट्रान्सफॉर्मरची घूं घूं तेवढी ऐकू येत होती. हितेशने मशीनच्या कडेवरचा हात काढला. "बोललो होतो," तो म्हणाला. "खोटं होतं. मला माहीत होतं, ती ओढणार म्हणून. मनिषभाईंनी सांगितलं होतं." मग जिजाकडे न बघता, "जिजा, माझी चूक झाली."

लाहूने मुठी आवळल्या. जिजाने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि त्याला मागे सारलं.

"माझ्याकडे बघून बोल," ती हितेशला म्हणाली.

हितेशने मान वर केली. त्याने तेच शब्द पुन्हा उच्चारले.

विनोद अवघडला होता. "बरं, झालं ते झालं. काय आता," असं काहीतरी तो पुटपुटला. मग जरा थांबून म्हणाला, "जिजा, आमच्याकडे खोल्या झाडायला बाई लागते अजून. येशील का?"

"तेव्हा आली होती तर नाय बोलला तू."

"तेव्हा... आता ये."

जिजाने विचार केला. "हाताने कपडे पिळायचं काम नाय करणार."

"नको करू."

रुपल तिला म्हणाली, "इकडे पण ये ना. घड्या घालायचं काम कर, इस्त्रीचं बघ. जमेल ते कर."

"नाय बेन," जिजा म्हणाली.

उन्हाळा आला तरी तलासरीच्या बाजूला धक्के येतच होते, लोक अंगणातच झोपत होते. हितेशने दुसऱ्या मशीनचे दात काढले नाहीत. ब्लँकेटं खरंच चांगली निघत होती. त्याने दोन्ही झाकणांची बटणं आणून बसवली, झाकण उघडलं की मशीन थांबायची. ते त्याने केलं, कोणाला दाखवलं नाही. रुपलने ते बघितलं. दोघं पुन्हा एकत्र जेवायला बसायला लागली, पण हितेश एखादी वस्तू दुरुस्त झाली असं म्हणाला की रुपल विचारायची, "काय काय बदललं त्यात?" आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायची.

जिजा लॉजमध्ये टिकली. लॉजच्या चादरी आता तीच लाँड्रीत घेऊन यायची, गाठोडं डाव्या खांद्यावर टाकून. कधी बसायची, काळीशी बोलायची, भाकरीचा तुकडा खायची. कधी दारातूनच परत जायची. रुपलशी ती वाईट वागत नव्हती. फक्त गाठोडं टेबलावर टाकलं की म्हणायची, "मोज."

"अगं, असू दे, विश्वास आहे माझा."

"नाय. माझ्यासमोर मोज. उद्या कमी भरली तर माझ्यावर नको."

मग रुपल इस्त्री उभी करून ठेवायची आणि एकेक चादर उचलून, मोठ्याने, जिजाला ऐकू जाईल अशी मोजायची.